आंतरराष्ट्रीय अभ्यास, परिषदा आणि नोकऱ्या : विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून एम.ए.च्या शेवटच्या सत्रापर्यंतचे विद्यार्थी, आणि पुष्कळदा त्यांचे पालकही, जे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा पाठवतात ते येथे एकत्र केले आहेत. रकमा, वयोमर्यादा आणि तारखा बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची मूळ जाहिरात वाचणे आवश्यक आहे.

१. आंतरराष्ट्रीय अभ्यास म्हणजे नेमके काय? राज्यशास्त्र घेतले तर तेच शिकायला मिळते ना?

बरेचसे मिळते, सगळे मिळत नाही. राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात आंतरराष्ट्रीय संबंधांच्या एकदोन प्रश्नपत्रिका असतात. आंतरराष्ट्रीय अभ्यासात त्यांच्या जोडीला अर्थकारण, कायदा, इतिहास, एखाद्या प्रदेशाचा सखोल परिचय आणि तेथील भाषा हे सारे येते. २०१० मध्ये युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि आपल्याकडच्या द्राक्ष बागायतदारांचे कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले. ती मर्यादा कोण ठरवते, ती बदलली तर निर्यातदार देशाला कळवण्याची जबाबदारी कोणाची आणि त्यावर दाद कोठे मागायची, हे प्रश्न आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे आहेत, आणि त्यांची उत्तरे माहीत असणारी माणसे नाशिकला दिल्लीइतकीच लागतात. हा विषय आपल्याकडे नवा आहे असेही नाही. पेशवाईत ‘वकील’ हा शब्द दरबारी दूताला वापरत असत, आणि १७८६ मध्ये इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून चार्ल्स मॅलेट पुण्यात आला तेव्हा परक्या सत्तेचा माणूस वाचणे हे येथील कारभाऱ्यांचे रोजचे काम झाले होते.

२. हा विषय महाराष्ट्रात किंवा गोव्यात शिकता येतो का, की दिल्लीला जावेच लागते?

येथेही शिकता येतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग, मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातील राज्यशास्त्र विभाग आणि आफ्रिका अभ्यास केंद्र, पुण्यातील सिंबायोसिसचा आंतरराष्ट्रीय अभ्यास विभाग आणि गोवा विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय व क्षेत्र अभ्यासाचा (क्षेत्र म्हणजे जगातील एखादा प्रदेश) विभाग ही जवळची ठिकाणे आहेत. शुल्कात मोठी तफावत आहे. सरकारी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या खर्चात खासगी संस्थेचे एक सत्रही निघत नाही, हे घरी बोलताना आधी सांगावे.

दिल्लीचे आकर्षण निराधार नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज १९५५ मध्ये स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झाले आणि १९७० मध्ये विद्यापीठात विलीन झाले. प्रदेशवार अभ्यासकेंद्रांची तेथे जी परंपरा आहे ती इतरत्र क्वचितच सापडते. तेथील एम.ए.चा प्रवेश सीयूईटी-पीजी या परीक्षेतून होतो. दिल्लीतच सार्क देशांनी मिळून स्थापन केलेले साउथ एशियन युनिव्हर्सिटी आहे, जेथे वर्गात नेपाळ, बांगलादेश, श्रीलंकेचे विद्यार्थी शेजारी बसतात. या विषयात तो निम्मा अभ्यासक्रमच म्हणायचा.

३. चर्चासत्रे आणि परिषदा कोठे होतात? विद्यार्थ्यांना आत सोडतात का?

परिषदांचे दोन प्रकार लक्षात घ्यावेत. पहिल्या प्रकारात निमंत्रितांनाच प्रवेश असतो. २०१६ पासून दिल्लीत परराष्ट्र मंत्रालय आणि ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन मिळून भरवतात तो रायसीना डायलॉग या प्रकारचा आहे. त्याची बहुतेक सत्रे इंटरनेटवर थेट दिसतात, म्हणून निमंत्रण नाही याचे दुःख करण्याचे कारण नाही. पुणे इंटरनॅशनल सेंटर परराष्ट्र मंत्रालयाच्या सहकार्याने एशिया इकॉनॉमिक डायलॉग भरवते, तोही साधारण याच धर्तीचा.

दुसरा प्रकार खुल्या व्याख्यानांचा, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने तोच अधिक लाभाचा आहे. दिल्लीत सप्रू हाउसमधील इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स, मुंबईत गेटवे हाउस ही संशोधन संस्था, पुण्यात वर उल्लेखिलेले केंद्र आणि विद्यापीठांचे विभाग वर्षभर व्याख्याने ठेवतात. त्यांतील काही नोंदणी करून खुली असतात. मुंबईतील वाणिज्य दूतावासांच्या सांस्कृतिक शाखा, मॅक्सम्युलर भवन आणि अलियाँस फ्रान्सेज यांचे कार्यक्रमही बरेचदा विनामूल्य असतात. सभागृहात साठ खुर्च्या, पस्तीस माणसे आणि वक्ता म्हणून निवृत्त राजदूत, असा शनिवार मोठ्या परिषदेच्या मागच्या रांगेपेक्षा कधीही बरा.

४. अशा कार्यक्रमाला गेल्यावर करायचे काय? नुसते ऐकून उपयोग होतो का?

नुसते ऐकून फारसा होत नाही. जाण्यापूर्वी वक्त्याचा एखादा लेख वाचावा आणि एक प्रश्न लिहून न्यावा. प्रश्न कसा असावा याचे उदाहरण देतो. ‘भारत-चीन संबंधांचे भवितव्य काय?’ या प्रश्नाला कोणताही वक्ता तीन मिनिटे गुळमुळीत बोलून बसू शकतो. त्याऐवजी असे विचारून पाहावे : ‘एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ नंतर सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या थेट गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी लागू झाली. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ग्रेट वॉल ही चिनी कंपनी घेणार होती, तो व्यवहार २०२२ मध्ये बारगळला. या धोरणाची किंमत तळेगाव-चाकणच्या कामगाराने मोजली असे म्हणता येईल का?’ या प्रश्नामागे वाचन दिसते, आणि व्याख्यानानंतर चहाच्या टेबलापाशी वक्ता स्वतः विचारतो की तुम्ही काय शिकता.

त्याच रात्री पाचशे-सातशे शब्दांचे टिपण लिहून ठेवावे. वर्षभरात अशी दहा टिपणे झाली तर त्यांतली दोन तरी लेख म्हणून छापण्याजोगी निघतात, आणि संशोधन संस्थेतील इंटर्नशिपसाठी लेखनाचा नमुना मागतात तेव्हा ती उपयोगी पडतात. मुलाखतीला एक विद्यार्थिनी चौदा सहभाग-प्रमाणपत्रांची प्लॅस्टिकची फाइल घेऊन आल्याचे आम्ही पाहिले आहे. समितीने ती न उघडता विचारले, ‘यांतल्या एका चर्चासत्रात तुम्हाला न पटलेला मुद्दा सांगा.’ तिला तो सांगता आला नाही.

५. मॉडेल यूएनमध्ये भाग घेतल्याचा करिअरला उपयोग होतो का?

मॉडेल यूएन म्हणजे विद्यार्थ्यांनी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन भरवलेली संयुक्त राष्ट्रांची नकली सभा. तिचा उपयोग होतो, मात्र आयोजक सांगतात तेवढा नाही. एखाद्या देशाची बाजू स्वतःला पटो न पटो, ती मांडायला शिकणे, भूमिकापत्र लिहिणे आणि ठरावाच्या मसुद्यातील एका शब्दासाठी दोन तास वाटाघाटी करणे ही खरी कौशल्ये आहेत. प्रतिनिधी म्हणून दोन-तीनदा भाग घेतल्यावर पुढे त्यात नवे फारसे हाती लागत नाही. त्यानंतर अध्यक्षपद किंवा विषयपत्रिका तयार करण्याचे काम मागून घ्यावे. मोठे देश मिळावेत म्हणून धडपड करू नये. चाड किंवा बोलिव्हिया वाट्याला आला तर वाचन अधिक करावे लागते. केंद्रीय लोकसेवा आयोग किंवा संयुक्त राष्ट्रे यांच्या निवडीत या पारितोषिकांना गुण नाहीत, हेही स्पष्ट करणे आवश्यक आहे.

६. परकीय भाषा शिकावी का, आणि कोणती?

शिकावी. या संपूर्ण पानावरचा एकच सल्ला पाळायचा असेल तर हा पाळावा. इंग्रजी सर्वांनाच येते, त्यामुळे ती तुम्हाला रांगेत उभे करते, पुढे नेत नाही.

भाषा निवडताना प्रदेश आधी ठरवावा. पुण्यात जपानी आणि जर्मन शिकवण्याची जुनी परंपरा आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे भाषावर्ग भरतात आणि संध्याकाळच्या तुकड्यांत नोकरदारांची संख्या विद्यार्थ्यांइतकीच असते. जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. तिचे एन ५ ते एन १ असे पाच स्तर असून एन ५ सर्वांत सोपा आहे. नोकरीच्या जाहिरातीत साधारणपणे एन ३ च्या पुढेच विचार होतो, त्यामुळे एन ५ उत्तीर्ण होऊन थांबण्यात अर्थ नाही. गोव्यातील विद्यार्थ्यांना पोर्तुगीज घरच्या अंगणात मिळते. ही भाषा ब्राझील, अंगोला आणि मोझांबिकची दारे उघडते आणि भारतात ती जाणणारे थोडे आहेत. अरबी, फारसी किंवा स्वाहिली निवडणाऱ्याला शिक्षक शोधावे लागतात, पण पुढे स्पर्धाही विरळ असते.

७. भारतीय परराष्ट्र सेवेत जाण्यासाठी हाच विषय पदवीला असावा लागतो का? मराठी माध्यम चालते का?

विषयाची अट नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते, आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही पूर्वपरीक्षेला बसू शकतात. निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतूनच होते. खुल्या गटासाठी वय २१ ते ३२ आणि सहा प्रयत्न, इतर मागासवर्गासाठी ३५ आणि नऊ प्रयत्न, अनुसूचित जाती-जमातींसाठी ३७ आणि वयोमर्यादेत प्रयत्नांना बंधन नाही.

माध्यमाबद्दल गैरसमज फार आहेत. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मुख्य परीक्षेची उत्तरे आणि मुलाखत मराठीतून देता येते. मात्र ३०० गुणांची इंग्रजीची प्रश्नपत्रिका उत्तीर्ण व्हावीच लागते, तिचे गुण एकूण बेरजेत धरले जात नाहीत. राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेतला तर २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिकांपैकी दुसरी जवळजवळ पूर्णपणे या क्षेत्रावर असते, एवढाच या अभ्यासाचा थेट फायदा.

परराष्ट्र सेवेच्या जागा दरवर्षी मोजक्याच असतात, त्यामुळे पसंतिक्रमात ती वर असून चालत नाही, क्रमांकही वर लागतो. निवड झाल्यावर प्रशिक्षणार्थीला एक परकीय भाषा नेमून दिली जाते आणि तिची परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक असते. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुल लाट या गावचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ च्या तुकडीतून या सेवेत गेले, मालदीवमध्ये उच्चायुक्त आणि न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत झाले. ‘खेड्यातल्या मुलाला हे जमेल का’ असे विचारणाऱ्यांना आम्ही त्यांचे नाव सांगतो.

८. परराष्ट्र सेवा मिळाली नाही तर दुसरे काय आहे?

पुष्कळ आहे, आणि विद्यार्थ्यांना त्यातले फार थोडे माहीत असते. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी होता येते. या पदावरून परदेशातील दूतावासांतही नेमणूक होते. नागरी सेवा परीक्षेतूनच भारतीय व्यापार सेवा मिळते, जी परकीय व्यापार महासंचालनालयाचे काम पाहते. मुंबईतील वाणिज्य दूतावास स्थानिक कर्मचारी नेमतात. व्हिसा-खिडकीपलीकडे त्यांच्याकडे व्यापार, संस्कृती, माध्यमे आणि राजकीय-आर्थिक विश्लेषण अशी पदे असतात. त्यांच्या जाहिराती त्या त्या दूतावासाच्या संकेतस्थळावरच येतात, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा तेथे नजर टाकावी.

संशोधन संस्थांत संशोधन सहायकाचे वेतन सुरुवातीला बेताचेच असते, हे मान्य करून तेथे जावे. निर्यात कंपन्या, न्हावा-शेवा बंदराभोवतीच्या मालवाहतूक संस्था, बँकांचे परकीय चलन विभाग आणि देशनिहाय जोखमीचे विश्लेषण करणाऱ्या सल्लागार कंपन्या यांत पगार बरा असतो. तेथे पदवीच्या नावापेक्षा भाषा आणि नेमके लिहिण्याची सवय जास्त पाहिली जाते.

९. परराष्ट्र मंत्रालयात इंटर्नशिप मिळते का?

मिळते. वर्षातून दोन सत्रांत अर्ज मागवले जातात. अर्जदार पदवीधर असावा लागतो आणि वयाची मर्यादा २५ वर्षे आहे. दरमहा १०,००० रुपये मानधन आणि एकदा जाण्यायेण्याचे इकॉनॉमी वर्गाचे विमानभाडे मिळते. दिल्लीतील राहण्याजेवण्याची सोय स्वतः करायची असते आणि या मानधनात ती कशीबशी होते. निवडीत राज्यांना प्रतिनिधित्व देण्याचा प्रयत्न असतो, म्हणून पुण्या-मुंबईबाहेरच्या विद्यार्थ्यांनी संकोच न करता अर्ज करावा.

१०. संयुक्त राष्ट्रांत नोकरी कशी मिळते?

तीन वाटा वेगळ्या ओळखाव्यात. पहिली, सचिवालयातील इंटर्नशिप : पदवीच्या शेवटच्या वर्षाला किंवा त्यापुढे शिकत असलेले, अथवा पदवी घेऊन एक वर्ष न झालेले उमेदवार तिला पात्र असतात. तिला वेतन नाही, आणि न्यूयॉर्क किंवा जिनिव्हाचा खर्च घरून येणार असेल तरच तिचा विचार करावा. बँकॉकसारख्या प्रादेशिक कार्यालयात हाच अनुभव कमी खर्चात मिळतो. दुसरी, संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रम, ज्यात निर्वाह भत्ता असतो. तिसरी, यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम ही परीक्षा : वय ३२ पर्यंत, किमान पदवी, इंग्रजी किंवा फ्रेंचवर प्रभुत्व. येथे एक अडचण आहे. ज्या देशांचे सचिवालयात पुरेसे प्रतिनिधित्व नाही, त्यांच्याच नागरिकांना ती खुली असते आणि ही यादी दरवर्षी बदलते. भारत त्या वर्षी यादीत आहे की नाही हे पाहिल्याखेरीज कोणत्याही शिकवणीवर्गाला पैसे भरू नयेत.

११. ‘जागतिक युवा परिषदेसाठी तुमची निवड झाली आहे’ असा ईमेल आला आहे. ९०० डॉलर भरावेत का?

सहसा भरू नयेत. अर्ज न करता निवड, तीन दिवसांत पैसे भरण्याचा तगादा, संयुक्त राष्ट्रांच्या चिन्हासारखे दिसणारे निळे चिन्ह आणि ‘आंशिक शिष्यवृत्ती’ या चार खुणा एकत्र दिसल्या की तो प्रवासी सहलीचा व्यवसाय समजावा. संयुक्त राष्ट्रे भरतीच्या किंवा इंटर्नशिपच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने वडिलांच्या पीककर्जातले पैसे अशा एका परिषदेत घातले. तेथे हॉटेलच्या सभागृहात दोन दिवस प्रेरक भाषणे झाली, तिसऱ्या दिवशी शहरदर्शन, आणि हातात गळ्यातले ओळखपत्र उरले. परिषद खरी असली तरी शुल्क भरण्याआधी तुमचा निबंध कोणी वाचून परीक्षण पाठवले का, एवढे पाहावे.

१२. परदेशात एम.ए. करण्यासाठी शिष्यवृत्ती कोणत्या?

नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडुस ही सर्वांत सोयीची. तिच्यात किमान दोन देशांत शिक्षण होते आणि दरमहा १,४०० युरो मिळतात. अर्जांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते जानेवारी असतो. ब्रिटनच्या चिव्हनिंगसाठी किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्स शिष्यवृत्तीलाही कामाचा अनुभव लागतो, म्हणून पदवीच्या निकालादिवशी या दोन्हींचे अर्ज भरण्यात वेळ घालवू नये.

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्यात विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान आणि उत्पन्नमर्यादा पाहिली जाते. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत २०२२ पासून एक अट आली आहे जी या क्षेत्रातील विद्यार्थ्यांना अडवते : भारताची संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यात बसत नाहीत. ही अट आम्हाला मुळीच पटत नाही, तरीही ती आहे तोवर प्रस्तावाचा विषय निवडताना तिचा विचार करावाच लागतो.

१३. माझी पदवी मुक्त विद्यापीठाची आहे, किंवा मी अभियंता आहे. माझ्यासाठी दार बंद आहे का?

दोन्हींसाठी उघडे आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी नागरी सेवा परीक्षेला चालते. परदेशी विद्यापीठे मात्र दूरशिक्षणाच्या पदवीबाबत प्रत्येकी वेगळे नियम लावतात, तेव्हा अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी त्यांना लेखी विचारावे. अभियंत्यांना सायबर धोरण, ऊर्जा, अवकाश आणि निर्यात-नियंत्रण या उपशाखांत उलट मागणी आहे. त्यांनी विषय बदलल्याची माफी मागितल्यासारखे हेतुपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज) लिहू नये. महाविद्यालयीन अध्यापनाकडे जायचे असेल तर साधारणपणे ५५ टक्क्यांसह एम.ए. आणि नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा राज्याची सेट लागते. नेटमध्ये ‘आंतरराष्ट्रीय व क्षेत्र अभ्यास’ हा स्वतंत्र विषय आहे, तो राज्यशास्त्राहून वेगळा निवडता येतो.

१४. गुणपत्रिकेवर माझे आडनाव आधी आहे, पासपोर्टवर शेवटी. परदेशी विद्यापीठ हरकत घेईल का?

कधी कधी घेते, आणि घेते तेव्हा व्हिसाची तारीख डोक्यावर असते. आपल्या अनेक विद्यापीठांच्या कागदांवर आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि काही ठिकाणी आईचेही नाव अशा क्रमाने लिहिलेले असते. पासपोर्टवर ‘दिलेले नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोनच रकाने असतात. वडिलांचे नाव पहिल्या रकान्यात गेले आहे की गेलेच नाही, यावर पुढचा सगळा घोळ अवलंबून असतो. लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदललेल्या विद्यार्थिनींना ही अडचण दुप्पट येते.

यावर उपाय सोपा आहे, फक्त तो वेळेवर करावा लागतो. पासपोर्ट काढताना पदवीच्या कागदांवरील सर्व शब्द रकान्यांत बसवून घ्यावेत. पासपोर्ट आधीच काढला असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचे पत्र, दोन्ही इंग्रजीत करून घ्यावे. परीक्षा विभागाचे पत्र मिळायला आठवडे लागतात, म्हणून अर्ज निकालाच्या आठवड्यातच टाकावा. भाषापरीक्षेची नोंदणी, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि परिषदेचे निमंत्रणपत्र यांवर यापुढे पासपोर्टवरचेच नाव, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने लिहावे.